निळ्या पाठीचा कस्तूर

दत्ताभाई गेल्याचं कळलं तेव्हा मी वाडीत चिकू धूत होतो. म्हणजे धूत बायका होत्या. मी पिंपाशेजारी खुर्ची टाकून एका व्यापाऱ्याला पटवत होतो की, यंदा माल इतका लागलाय की फांद्या जमिनीला टेकून तिथेच त्यांना मुळं फुटली. तेवढ्यात दत्ताभाईंच्या शेजारच्या सुमनबेनचा फोन आला. दूधवाल्याने हाका मारल्या, उत्तर नाही, म्हणून त्या मागच्या बाजूने गेल्या, तर हे ओट्यावरच्या खुर्चीत, गळ्यात दुर्बीण, मान जराशी कलती... डुलकी लागल्यासारखे. मी व्यापाऱ्याला म्हटलं, आमचे दत्ताभाई गेले. तो हसला. त्याला वाटलं ही पुढची थाप. मला राग आला नाही. नरू (म्हणजे मी) सांगेल त्यातलं निम्मं सोडून द्यायचं हा घोलवडचा रिवाज आहे, आणि तो दत्ताभाईंनीच पाडलेला.

दत्ताभाई रेल्वेत टी.सी. होते. त्यांची नजर अशी की, ते डहाणूला गाडीत चढणार म्हटल्यावर विनातिकीट माणसाला वापीपासूनच घाम फुटायचा. (यातलं निम्मं सोडा, तरी पुष्कळ उरतं.) निवृत्त झाल्यावर त्यांनी माझ्या वाडीला लागून घर बांधलं. वहिनी आधीच गेलेल्या, एकुलती एक शैला पुण्यात बँकेत. घरात माणूस एकटा आणि नजर बेकार. तेव्हा शैलानेच एका दिवाळीत दुर्बीण आणि पक्ष्यांचं पुस्तक आणून दिलं. दयाळ, सातभाई, बुलबुल ही मंडळी त्यांनी आठवड्यात निकालात काढली आणि मग कस्तुरांपाशी येऊन अडकले. त्या पुस्तकात सगळे कस्तूर एकाच पानावर, लग्नाच्या फोटोतल्या चुलतभावांसारखे ओळीने उभे. कोण कुणाचा, काही कळू नये. डोंगराकडचा तो शीळ घालणारा, हिवाळ्यात कौलांवर ताठ बसणारा, आणि आमच्या परसात येतो तो नारिंगी डोक्याचा. या शेवटच्याचं डोकं आणि पोट नारिंगी, गळा पांढरा, गालावर दोन उभे काळपट पट्टे. इथवर सोपं. पण नराची पाठ निळसर राखाडी आणि मादीची तपकिरीकडे झुकणारी. सगळी मेख त्या पाठीत.

मी पक्षी फांदीवर बसायच्या आत त्याचं नाव, गाव, जात सांगून मोकळा व्हायचो. दत्ताभाईंचं तसं नव्हतं. ते पक्ष्याची तपासणी करायचे. आधी गळा, मग गाल, मग पाठ. यातलं एक जरी नीट दिसलं नाही, तरी पक्षी सोडून द्यायचे. एकदा मात्र सकाळभर ते पाल्यातल्या एका कस्तुरावर दुर्बीण रोखून बसले. हलत नाही, आजारी असेल, म्हणाले. मी जाऊन उचलून आणला... चिकू होता, गळून पडलेला, कुजायला आलेला. ही गोष्ट मी बाजारात सांगितली तेव्हा त्यांनी चिकूला दाणेही घातले होते, आणि वरोरच्या कोळणीपर्यंत पोचली तेव्हा चिकू उडून गेला होता. दत्ताभाईसुद्धा हसले. त्यात हसण्यासारखं काही नाही, हे दोघांनाही तेव्हा उमगलं नाही.

शैलाच्या मात्र लक्षात येत होतं. चहा कपाच्या बाहेर पडायचा, पायरी चुकायची, एकदा स्कूटर थेट माझ्या कुंपणात आली. तिचं एकच म्हणणं, घर विकून टाकूया, पुण्याला चला. आणि यांचंही एकच, मला दिसतंय. शेवटी एका दिवाळीत वाद फारच पेटला, तेव्हा दत्ताभाईंनी माझ्यादेखत शब्द दिला की, ज्या दिवशी स्वतःच्या परसातला कस्तूर ओळखता येणार नाही, त्या दिवशी मी आपणहून येईन. हे घर त्यांनी एकेक वीट पारखून बांधलेलं. त्यांनी पणाला काय लावलं, ते मला पुरतं ठाऊक होतं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही तिघं मागच्या ओट्यावर बसलो होतो. एक कस्तूर उड्या मारत ऐन उन्हात आला. दत्ताभाईंनी दुर्बीण लावली, गळा पाहिला, गाल पाहिला आणि म्हणाले, मादी. माझ्याकडे सगळ्या माद्याच येतात. मी म्हटलं, भाई, पाठ निळी आहे, नर आहे.

"नरू, तुझ्या निळ्यातलं निम्मं सोडलं की तपकिरीच उरतं."

शैला हसली नाही. ती हळूच म्हणाली, "बाबा, निळाच आहे."

त्यांनी दुर्बीण काढली, सदऱ्याच्या टोकाने पुसली, पुन्हा लावली. पक्षीही भला, तिथेच पाला उलटत राहिला. बराच वेळ गेला... "मला तपकिरी दिसतोय," ते म्हणाले. आयुष्यभर दुसऱ्यांना पकडलेल्या माणसाने स्वतःला पकडलं होतं, आणि सूट देण्याची त्यांना सवयच नव्हती. संध्याकाळी त्यांनी माळ्यावरची बॅग स्वतः उतरवली. "शैला, पुण्याचं तिकीट काढ," एवढंच बोलले.

पुण्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. यात निळा रंग आधी मरतो म्हणे. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. मी धरून चाललो होतो की आता माणूस काही परत येत नाही. घराला गिऱ्हाईकही येऊन बघून गेलं. मग उन्हं तापायच्या सुमारास बापलेक आले, घर आवरायला म्हणून. मी गेलो तर शैला आत भांडी खोक्यात भरत होती आणि हे ओट्यावर, काळा चष्मा काढून. यथावकाश तो कस्तूर आला. गळा, गाल, पाठ...

"नरू, हा इतका निळा होता?"

मी म्हटलं, पूर्वी याहून निळा होता, तुम्ही नव्हता तेव्हा दोनदा समुद्रात धुतला, थोडा रंग गेला. ते हसले, पण दुर्बीण खाली घेतली नाही. आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. शैला दारात येऊन उभी राहिली, बापाकडे बघत राहिली, आणि मग आत जाऊन भरलेलं खोकं रिकामं करायला लागली. दत्ताभाई तिथे राहिले, शेवटपर्यंत.

त्या परसाबद्दल एक सांगायला हवं. आमच्याकडे सकाळी अंगण झाडलेलं नसेल तर लोक विचारतात, घरात कोण आजारी आहे? दत्ताभाई मात्र मागचा पाला कुणाला उचलू द्यायचे नाहीत, कारण कस्तूर पाला उलटूनच किडे शोधतो. बाराव्याला माणसं येणार म्हणून नात्यातल्या बायकांनी प्रेमाने सगळं परस आरशासारखं झाडून काढलं. नंतर तिथे चिमणीसुद्धा फिरकेना. निघताना शैलाने किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, घर विकत नाही, नरूकाका. तुमच्या वाडीतला पाला इथे टाकाल का?

टाकतो. वाडीतल्या बायका माझ्याकडे बघून हसतात, की शेठ दुसऱ्याच्या दारात कचरा ओततो आणि वर बसून राहतो. रविवारी शैलाचा फोन येतो, कोण आलं होतं विचारते. गेल्या रविवारी पहिल्यांदा सांगण्यासारखं काही होतं. एक आला होता. गळा पांढरा, गालावर दोन पट्टे. पाठ सावलीत होती. मी म्हटलं, नर की मादी ते नक्की नाही.

ती म्हणाली, "बरं. उद्या परत बघा, काका."