खाजामियाँची कोरडी हवा

नांदेडच्या इतवाऱ्यात कूलर पुष्कळांनी बनवले. पण मशीन सुरू करून गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं टक लावून बघणारा कारागीर एकच, खाजामियाँ. गिऱ्हाइकानं डोळे मिटून "हाऽऽ" केलं की सौदा पक्का. नाही केलं, तर हे पुन्हा पाना घेऊन बसणार. त्यांचं एकही मशीन कधी परत आलं नव्हतं, आणि ही गोष्ट ते भेटेल त्याला न विचारता सांगायचे.

भूकंपाच्या वर्षी ते किल्लारीकडं पत्र्याची शेडं ठोकायला गेले आणि परतताना लातुरात जे थांबले ते थांबलेच. लातुरात गल्लोगल्ली क्लास निघून राहिले होते. पत्र्याखाली पोरं कोंबलेली, फळ्यावर पेशी आणि बाकावर घाम. खाजामियाँचे कूलर खपले नसते तरच नवल. "ह्या गावातले निम्मे डॉक्टर माझ्या वाळ्याच्या वाऱ्यावर झालेत," असं ते म्हणायचे. त्याच वाऱ्यात किती पोरांना गाढ झोप लागायची, ते मात्र सांगायचे नाहीत.

त्या वाऱ्यातली एक पोरगी म्हणजे ऋतुजा. ती डॉक्टर झाली नाही. जैवतंत्रज्ञान शिकली आणि अर्धापूरला येऊन वडिलांच्या, अमृतरावांच्या मागं लागली, की केळीची रोपं आता बाटलीत वाढवायची. कोंबाच्या पोटातला इवलासा गाभा काढून औषधी जेलीवर ठेवायचा, की एकाची शेकडो रोपं. अट एकच. गाभा कापताना भोवतीच्या हवेत एक जंतू नको. त्यासाठी गाळलेली हवा सोडणारं कपाट लागतं. फिल्टर मुंबईहून आणता येत होता, पण पंखा आणि पेटी कोण करणार? खाजामियाँ तोवर पुन्हा इतवाऱ्यात आले होते. ऋतुजानं थेट त्यांचं दुकान गाठलं.

"चाचा, वारा पाहिजे. पण एकदम स्वच्छ, एका चालीचा."

"तू फकस्त बघ, बेटा. असा वारा देतो, की जंतू सलाम करून माघारी जाईल!"

पेटी झकास झाली. स्वतः येऊन बसवून दिली. पहिल्या बाटल्या भरल्या, आणि आठवडाभरात एकूणएक बाटलीत पांढराशुभ्र कापूस फुटला. बुरशी! ऋतुजानं खोली पुसली, चाकू जाळावर धरधरून लाल केले, पुन्हा बाटल्या भरल्या. पुन्हा कापूस.

"केळी लावतो म्हणालीस आन कापूस पिकवून राहिलीस," अमृतराव म्हणाले. "ते कपाट खाजाभाईला परत कर. पुण्याचं आणू."

परत! हा शब्द नांदेडला पोचला तशी खाजामियाँनी जेवण अर्धं टाकून बस धरली. अर्धापूरला येऊन कपाटासमोर उभे राहिले. वाऱ्यात हात धरला आणि खुलून म्हणाले, "आहाहा, किती गार!"

"गार?" ऋतुजा दचकली. "चाचा, गार कशी काय?"

"आता तुझ्यापासून काय लपवू? कामाच्या पोरी दिवसभर हितं बसणार, उन्हाळा हा असा. म्हणून मागून वाळ्याची जाळी ठेवली, वरच्या टाकीची नळी सोडली. जादा पैसा न्हाई घेतला. तोहफा समज."

ऋतुजानं मागची फळी उघडली. वाळा निथळत होता आणि मुंबईच्या फिल्टरवर काळे ठिपके दाटले होते.

"चाचा, बुरशी ओलाव्यावरच जगती! तुम्ही तर जंतूंना कूलर लावून दिला!"

अमृतरावांना हसू आवरेना. खाजामियाँचं तोंड मात्र एवढंसं झालं. "एक मौका दे, बेटा," ते हळूच म्हणाले. "न्हाई जमलं, तर मीच उचलून नेतो."

घरी त्यांच्या बायकोनं, बेगमबीनं ऐकलं आणि पदर तोंडाला लावून ती हसतच सुटली. "जिंदगीभर हवेला पाणी पाजलं तुम्ही. तिला कोरडी सोडायची म्हटल्यावर हात धजंलच कसा जी?"

नवा फिल्टर खाजामियाँनी स्वतः मुंबईला जाऊन आणला. परतीच्या गाडीत बर्थवर फिल्टर झोपला आणि हे पायथ्याशी बसून आले. वाळा काढला, नळी तोडली, पेटीची फट न फट बुजवली. मशीन सुरू झालं. कोरडा, कोमट वारा! कोणी डोळे मिटले नाहीत, कोणी "हाऽऽ" केलं नाही. असलं बेचव मशीन त्यांच्या हातून जन्मात झालं नव्हतं.

बाटल्या भरल्या, आणि खाजामियाँना अर्धापुरात रोज काही ना काही काम निघू लागलं. कधी पत्रा बघायचा, कधी कोणाची मयत, कधी कोणाचा साखरपुडा. येताजाता खिडकीच्या काचेला नाक लावायचे.

"फुटला का कापूस?"

"न्हाई चाचा."

दुसऱ्या दिवशी, "आता?"

"न्हाई ओ! जेली काचेवानी हाय."

एका सकाळी मात्र ऋतुजाच धावत बाहेर आली आणि तिनं बाटली त्यांच्या हातात ठेवली. पिवळट गाभा हिरवा झाला होता आणि त्यातून सुईच्या टोकाएवढं पान वर निघालं होतं. खाजामियाँ बघतच राहिले. हलेनात, बोलेनात. तोंड लाल झालं, मानेच्या शिरा फुगल्या.

"चाचा? काय झालं?"

त्यांनी नुसतं बाटलीकडं बोट केलं, मग स्वतःच्या नाकाकडं. ऋतुजाच्या ध्यानात आलं.

"अहो, झाकण लागलेलं हाय! घ्या की श्वास!"

खाजामियाँनी जो श्वास सोडला, त्याच श्वासात अशी आरोळी ठोकली, की बाटल्या धुणाऱ्या बाया फेसाळल्या हातांनी पळत आल्या. "या, या, समदे या! पान आलं! अमृतराव, तुम्ही पन या! आन हात न्हाई लावायचा कोनी, लांबून बघायचं, लांबून!"