ऊर्मिलावहिनींचं डिर्न्डल

माझ्या कॅमेऱ्याचा पट्टा ऊर्मिलावहिनींच्या मंगळसूत्रात अडकलाय, हे मी झटकन मागे सरलो तेव्हाच कळलं. काळे मणी टपटप करत स्टेजच्या फळ्यांवर पसरले. अशा वेळी 'वाढलं' म्हणायचं असतं. मी भर मंडपात ओरडलो, "तुटलं!"

त्यात वहिनींचा नवरा, म्हणजे माझा मित्र विनय, नेमका मुंबईच्या विमानात. 

वहिनी मूळच्या साताऱ्याच्या. जर्मनीत गार्चिंगला संशोधन करतात आणि दर गुरुवारी तिथल्या लोकनृत्य मंडळात डिर्न्डल हा तिकडचा पारंपरिक पोशाख घालून गिरक्या घेतात. घट्ट चोळी, घेरदार झगा, वर एप्रन. त्यांना त्यात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ठसकाच लागला. नजर कुठे ठेवावी कळेना, म्हणून एप्रनच्या गाठीचं कौतुक करत बसलो.

मंडळाचा नियम कडक. जाहीर नाचात डिर्न्डलवर बाहेरचा दागिना चालणार नाही. मंडळाच्या प्रमुख फ्राऊ ओबरमायर यांनी मंगळसूत्राकडे बोट दाखवलं, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मग मी नाचत नाही." वर्षभर नुसत्या सरावाला जात राहिल्या. अखेर ओबरमायरबाईच नमल्या. आज वहिनींचा पहिला जाहीर नाच, आणि मी हा पराक्रम केलेला!

आता या कसल्या नाचतायत! मी विनयला फोन लावत होतो. त्यांची लेक अन्वी वैतागून आपल्या जर्मनमिश्रित मराठीत म्हणाली, "आल्झो, काका, पापा फ्लुगत्सॉइगमध्ये आहे! फोन बंदच असणार ना?"

तेवढ्यात भलतंच घडलं. फ्राऊ ओबरमायर कडक इस्त्रीच्या घेरासकट गुडघ्यांवर बसल्या आणि मणी वेचून स्वतःच्या टोपीत टाकू लागल्या. पाठोपाठ अख्खं मंडळ रांगायला लागलं. बँडवाले पिपाण्या खाली ठेवून आ वासून बघतायत! दोन्ही वाट्या सापडल्या तशी बाईंनी टोपीची फीत ओढून काढली. वहिनींनी तिच्यात वाट्या ओवल्या, फीत गळ्यात बांधली, बँडला खूण केली आणि अशा काही नाचल्या की मी फोटो काढायचाच विसरलो.

रात्री विनयचा 'पोचलो' असा मेसेज आला, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

"वहिनी, खरं सांगा, तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली ना भावजी, मला वाटलं चोळीचीच नाडी तुटली."