सतरा एकांचे अवयव

मी फटकळ बाई, पण बुवापाड्यातल्या आमच्या चाळीत बकुळाताईंना "येडी" म्हणायची कुणाची टाप नाही. तो मान माझा एकटीचा.

अठ्ठावीस वर्षं त्या आनंदनगरच्या एका कंपनीत पॅकिंगला होत्या. नवरा लवकर गेला. एकुलता सुजित गणितात हुशार निघाला आणि सात वर्षांपूर्वी कॅनडाला गेला. निघताना आई रडायला लागली, तर ह्या शहाण्याने तिला काय द्यावं? गणित! सतरा वेळा एक लिहायचा, एकाला एक चिकटवून. "ही संख्या मूळ नाही आई, संयुक्त आहे. कुठल्या दोन आकड्यांचा गुणाकार आहे ते तू शोध. मला उत्तर माहीत आहे, पण सांगणार नाही. चुकून पुढे निघून गेलीस तर मात्र लगेच ओरडेन. सापडलं की तिकीट काढून येतो."

संयुक्त म्हणजे एकत्र कुटुंबासारखी का हो, असं मी विचारलं होतं. "तसंच गं. दिसते एकटी, पण आत दोघं आहेत," त्या म्हणाल्या.

पोराने एक युक्तीही सांगून ठेवली होती. चौतीसच्या पाढ्यातल्या आकड्यात एक मिळवायचा आणि फक्त त्यांनीच भागून बघायचं. त्यातही तीन, पाच, सात, अकरा, तेराने जाणारे सोडून द्यायचे. तरी हजारो उरतात! दुपारची जेवणं आटोपली की बकुळाताई पाठकोरे कागद घेऊन बसायच्या. रोज दहा भागाकार. हातचा विसरला की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यायच्या. मी वैतागून म्हणायचे, "अहो, मोबाईल एका सेकंदात सांगेल."

"मग मोबाईलला भेटायला येईल तो."

दर रविवारी संध्याकाळी सुजितचा फोन यायचा. "आई, कुठपर्यंत आलीस?" त्या आकडा सांगायच्या, तो छान म्हणायचा. पाणी येतं का, गोळ्या घेतेस का, की झालं. सात वर्षांत एकदाही घरी आला नाही मेला.

गेल्या श्रावणात एका मंगळवारी त्या माझ्या दारात उभ्या. "वृंदे, बाकी शून्य आली."

वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. दुसरा अवयव पाच अब्जांच्या वर. त्यांनी उलटा गुणाकार करून दाखवला आणि सतराच्या सतरा एक ओळीने उतरले. माझ्या अंगावर काटाच आला. "लावा फोन! आत्ता लावा!"

"रविवारी," त्या म्हणाल्या.

रविवारी मी मुद्दाम जाऊन बसले. स्पीकर चालू होता. सुजितने विचारलं, "कुठपर्यंत आलीस?"

"एकवीस लाख झाले रे."

मी चाटच पडले! त्यांनी हाताने मला गप्प केलं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उत्तर मागे राहिलंय, आता ह्याने ओरडायला हवं. आम्ही दोघी त्या मोबाईलकडे बघत बसलो. पलीकडे कीबोर्डची टकटक चालली होती.

"अरे वा! छान चाललंय, चालू ठेव. बीपीची गोळी घेतेस ना?"

फोन बंद झाला आणि मी भडकले. "मी लावते त्याला! उत्तर तोंडावर फेकते, झक मारत येईल."

"येईल गं. शब्दाचा पक्का आहे. दहा दिवस राहील आणि जाईल." त्यांनी पदराने मोबाईलची काच पुसली. "मग पुढच्या रविवारी तो मला विचारेल काय?"

मला रडूच फुटलं. त्या मात्र उठून चहा टाकायला गेल्या.

परवाच्या रविवारी त्यांनी चोवीस लाख सांगितले. तो मस्त म्हणाला.