वायरताईच्या दादाची गाडी

घरच्यांच्या गाडीला हात लावायचा नाही, अशी वायरताईची जुनी शपथ होती. गाड्यांचं वायरिंग करण्यात तिची अर्धी हयात गेली होती, आणि सख्खा भाऊ म्हणजे जगातलं सगळ्यांत अवघड गिऱ्हाईक, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण दादाने वडिलांच्या जुन्या गाडीत एका नव्या गाडीचं इंजिन बसवून घेतलं, ते काही केल्या सुरू होईना, आणि शेवटी वहिनीचाच फोन आला.

"वन्सं, तुम्ही या बाई. नाहीतर मी त्या गाडीला तरी काडी लावते, नाहीतर ह्यांना तरी."

ताईने बॉनेट उघडलं आणि कपाळावर हात मारला. वायरिंग दादाने स्वतः केलं होतं, आणि तेही सगळं एकाच लाल तारेने. दिव्याची तार लाल, हॉर्नची लाल, पंपाचीही लाल.

"दादा, यातली कुठली कुठे जाते?"

"अगं, मला माहीत आहे ना."

"मग सांग."

दादाने चष्मा वर केला, खाली केला. "लावताना माहीत होतं."

दातओठ खात ताईने एकेक तार सोडवली. गाडी सुरू का होत नाही, तेही सापडलं; दोष पेट्रोलच्या पंपाच्या तारेत होता. चावी अर्धी फिरवली की पंपाला वीज मिळायची. पण इंजिन फिरवायला चावी पुढे नेली की नेमकी तीच तार मरायची, ऐन कामाच्या वेळी अंग काढून घेणाऱ्या नातेवाइकासारखी. ताईने पंपाला स्वतंत्र तार ओढून दिली. चावी फिरवताच इंजिन गुरगुरलं. दादा नाचायचाच बाकी राहिला.

गाडी कोपऱ्यापर्यंत गेली, दोन आचके दिले आणि गप्प झाली.

दादा खाली उतरला, टाकीचं झाकण उघडून आत डोकावला. "पेट्रोल तर आहे!" झाकण लावून त्याने चावी फिरवली, तर गाडी लगेच सुरू. थोडी चालली, पुन्हा मेली. मग ताईने फिल्टर बदलला, नळ्या फुंकून काढल्या, धडधाकट पंपसुद्धा बदलून पाहिला. पालथ्या घड्यावर पाणी. दरवेळी गाडी बंद पडे, दादा टाकीकडे धावे, आणि मग गाडी काही झालंच नाही अशी साळसूदपणे सुरू होई.

शेवटी ताईचा पारा चढला. पाना आदळून ती ओरडली, "सारखं सारखं झाकण उघडून बघतोस काय? पेट्रोल काय पळून जातंय?"

"तसं नाही गं. उघडलं की हुश्श करते. बरं वाटतं."

ताई जागच्या जागी थांबली. "काय करते?"

"हुश्श. नवीन झाकण बसवल्यापासून."

"आणि हे तू मला आत्ता सांगतोस?"

"तू विचारलंस कुठे?"

ताईने झाकण हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. छान, चकचकीत, आणि कुठेही भोक नाही. या जुन्या टाकीला हवा घ्यायला झाकणातल्या बारीक भोकाखेरीज दुसरी वाटच नव्हती. दादाने ती बंद करून टाकली होती. पंप पेट्रोल ओढायचा, टाकीत हवा शिरायची नाही, आणि इंजिन उपाशी मरायचं.

तिने झाकण काढून टाकीच्या तोंडाला नुसतं फडकं बांधलं आणि गाडी अख्ख्या गावाभोवती फिरवून आणली. एकही आचका नाही. मग जुन्या पद्धतीचं झाकण आणून बसवलं, हात धुतले, आणि वहिनीने पुढे केलेला चहा एका दमात संपवला.

दादाने आभार वगैरे मानले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी बाजारात जो भेटेल त्याला तो सांगत सुटला, "तारांचं काम हिनं केलं. खरा बिघाड मात्र मीच पकडला." ताईच्या दुकानात येणारा प्रत्येक जण तिला हे हसत हसत ऐकवून गेला. आणि नाही म्हणायला तोंड उघडावं, तर ते अगदीच खोटं नव्हतं. तिचा जळफळाट होत होता तो त्यामुळेच.