वर्कीच्चनच्या पेशी

अंबुजाक्षीला प्रयोगशाळेत सगळेच चेची, म्हणजे ताई, म्हणायचे. मीही. आमची प्रयोगशाळा तिरुवनंतपुरमच्या एका कर्करोग रुग्णालयामागे. चेचीला एकच ध्यास होता: तोंडातली गाठ मानेत उतरते कशी? तिच्या वडिलांची तशीच उतरली होती.

एका वर्षी कुट्टनाडचा वर्कीच्चन नावाचा बोटचालक जिभेच्या ऑपरेशनला आला. त्याच्या संमतीने गाठीचा तुकडा आम्हाला मिळाला. चेचीने त्यातल्या पेशी वाढवून जेलीसारख्या थरावर सोडल्या. पसरणाऱ्या पेशी असा थर पोखरून खाली जातात. या वाढल्या भरपूर, पण जागच्या हलेनात.

"टाकून दे," आमचे प्रमुख कोशी सर म्हणाले. "मठ्ठ आहेत."

"मठ्ठ कशा, सर? त्याच्या मानेत पोचल्याच ना?"

तिने मग गाठीभोवतीच्या निरोगी पेशी थराखाली ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पाहतो तर कर्करोगाच्या पेशी लांबट होऊन थरात घुसलेल्या! निरोगी पेशी वाढीचा संदेश देणारं एक प्रथिन सोडत होत्या. एरवी ते जखम भरायच्या कामी येतं. इथे तोच संदेश झेलून कर्करोग वाट काढत होता. सरांनी प्रयोग पुन्हा करायला लावला. निकाल तोच.

वर्कीच्चन तपासणीला आला की आमच्या दारात डोकवायचा. अर्धी जीभ गेल्याने बोलणं बोबडं झालेलं. "पोरी, माझं बिऱ्हाड दाखव की."

एकदा तिने दाखवलं, काय घडतंय ते समजावलंही. तो मायक्रोस्कोपला डोळा लावून बराच वेळ बसला.

"म्हणजे घरच्यांनीच चोराला हाका मारल्या?"

"त्यांना चोर आहे हे कळत नाही हो."

"आणि हे दुसऱ्या डिशमधले गप्प का?"

"तिथे औषध घातलंय. संदेश पोचतच नाही."

"मग मला दे ना ते!"

चेचीचा चेहरा उतरला. औषध अजून माणसांना देण्याजोगं नव्हतं. शिवाय काही आठवड्यांनी त्या पेशी दुसराच संदेश पकडून पुन्हा चालू लागत. तिने दोन्ही गोष्टी त्याला स्पष्ट सांगितल्या.

"मग दुसराही बंद कर," तो म्हणाला आणि काठी घेऊन उठला.

ती त्यामागेच लागली. दोन्ही संदेश एकदम अडवले की पेशी थांबत होत्या, निदान डिशमध्ये तरी. तोवर वर्कीच्चनच्या फुप्फुसात डाग दिसले होते. पावसाळा संपता संपता तो गेला.

आम्ही दोघी बोटीने कुट्टनाडला त्याच्या घरी गेलो. मरियम्माने, त्याच्या बायकोने, कप्पा, म्हणजे उकडलेला साबुकंद, आणि मासळीचं कालवण वाढलं. मग विचारलं, "त्याच्या त्या पेशी? मेल्या का?"

"नाही. गोठवून ठेवल्यात. जिवंत आहेत."

"माणूस गेला आणि ते मेलं जगतंय? फेकून दे, पोरी!"

चेचीचा ताटातला हात थांबला. म्हणाली, "नाही फेकता येणार, अम्मा. काम राहिलंय."

मरियम्मा उठून आत गेली. बऱ्याच वेळाने परत आली, ती डोळे पुसून, कालवणाचं भांडं घेऊन.

"खा," म्हणाली. "परतीची बोट उशिरा आहे."