ज्वारीच्या कोठीतली पुस्तकं

आल्या आल्या तो माझ्या ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीवर टिचकी मारायचा. पत्रा खणखणला की त्याचा चेहरा खुलायचा. "मावशी, अजून जागा हाय की!"

"मेल्या, दुष्काळानं रिकामी पडलीय ती. हसतोस काय?"

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा लोह्याहून बदलून आलेला हा कारकून. माझ्या शेजारी बायकोसोबत भाड्यानं राहायचा. पुस्तक दिसलं की घ्यायचाच. आधी वास घ्यायचा, मग रस्त्यातच उभा राहून शेवटचं पान वाचायचा. शेवट कळला तरी विकत घ्यायचा. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा बायकोनं बजावलं, "अजून एक आणा, मी उदगीरला माहेरी जाते." मग तो पिशवीत मेथीच्या जुडीखाली पुस्तक लपवून नेऊ लागला. दुष्काळात मेथीच मिळेना, तेव्हा माझी कोठी त्याच्या नजरेत भरली.

मी चौथी शिकलेली. मला पुस्तकांचं कौतुक नाही. पण कोठी रिकामीच होती. म्हटलं, ठेव.

एकदा झाकण काढलं तर पुस्तकांत कडुनिंबाचा पाला. मी घातला नव्हता. त्याला तर एवढी अक्कल नव्हती. माझ्या घरात येणारी दुसरी एकच, त्याची बायको. तिला धरलं.

"मीच घातला. कसर लागंल म्हणून."

"म्हणजे तुला ठावं हाय?"

"पहिल्यापासून. त्यांना बोलू नका, मावशी. लपवायचं म्हणून एकेक आणतेत. मला कळलंय म्हणल्यावर पोत्यानं आणतील."

पुढच्या साली पाऊस झाला. ज्वारी अंगणात येऊन पडली. त्या दिवशी त्यानं टिचकी मारली नाही. "आता कुठं नेऊ, मावशी?" एवढंच म्हणाला आणि तोंड पाडून गेला. मागोमाग बायको आली. "एवढं साल राहू द्या की."

दोघांनाही मी शिव्या घातल्या. ज्वारी पोत्यात ठेवली. उंदरांनी पोती कुरतडली. पुढं कोठी कधी मोकळी झालीच नाही.

एक दिवस कचेरीतच छातीत कळ आली आणि तो गेला. सगळं उरकल्यावर मी बायकोला कोठीपाशी आणलं. म्हटलं, "ने बाई आता तुझी पुस्तकं."

"कोणती पुस्तकं? मला काय ठावं न्हाई."

मग तिनं कोठीवर टिचकी मारली. पत्रा वाजला नाही. कोठी काठोकाठ भरली होती.