अकरा बांगड्या

जानरावमामा माझे सख्खे मामा नव्हेत. बार्शीटाकळी आईचं माहेर, त्यामुळे तिथला प्रत्येक वडीलधारा पुरुष माझा मामाच. हे त्यांतले बांगड्यांच्या दुकानातले. साठीला टेकलेले, अंगाने बारीक, आणि त्या अंगाला न शोभणारे मोठे, रुंद हात. माझ्या आजीपासून माझ्यापर्यंत सगळ्यांनी त्या हातांत हात दिला आहे. परक्या पुरुषाने हात धरावा आणि कुणाला काही वाटू नये, अशी गावात ती एकच जागा. अंगठा आत दुमडून ते तळव्याचं हाड असं दाबतात की बांगडी मनगटावर कधी गेली ते कळत नाही. तरी दर बांगडीला विचारतात, "दुखलं काय, माय?" एखादी तडकलीच, तर त्यांच्या दुकानात ती फुटत नाही, वाढते. फुटली म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ते अजूनही टोकतात.

अशा माणसाला सिनेमात घ्यायचं ईशानला सुचलं. ईशान अमरावतीचा. बायकोला छळणाऱ्या एका नवऱ्याची गोष्ट घेऊन तो दोन वर्षांपूर्वी गावात आला होता. नवऱ्याचं काम करणारा नट आयत्या वेळी आलाच नाही, तेव्हा त्याची नजर मामांच्या हातांवर गेली. "चेहरा फार दिसणार नाही मामा, हातच पाहिजेत." मामा हुरळले. प्रसंग एवढाच होता की नवरा बायकोचं मनगट धरतो आणि बांगड्यांसकट आवळत जातो. नटीला काच लागू नये म्हणून मामांनी आदल्या दिवशी अख्खी दुपार घालवली. अकरा बांगड्यांना कानशीने बारीक खाचा पाडल्या आणि प्रत्येकीला आतून पारदर्शक चिकटपट्टी लावली. आयुष्यात कुठल्या हाताची त्यांनी एवढी काळजी घेतली नसेल.

सिनेमा मी अमरावतीत पाहिला, एम.ए.च्या अख्ख्या वर्गाबरोबर. त्या प्रसंगात संगीत नाही, रडणं नाही. नुसते दोन हात आणि एकेक बांगडी. चट. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा चट. अकरा वेळा. नंतर चर्चा झाली. पाहुण्यांपासून आभार मानणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी सिनेमाला 'अस्वस्थ करणारा' म्हटलं, आणि प्रत्येकाने ते कौतुक म्हणून म्हटलं. मग आम्ही बाहेर येऊन समोसे खाल्ले. अस्वस्थता तिथेच संपली असं आम्हाला वाटलं. ती एसटीत बसून बार्शीटाकळीला गेली होती.

तिथे संध्याकाळी शाळेच्या मैदानावर पडदा लावला होता. आपले मामा सिनेमात म्हणून बायका सतरंज्या घेऊन पुढे बसल्या. मामा दिसताच टाळ्या पडल्या, शिट्ट्याही. अकराव्या बांगडीनंतर कुणी टाळी वाजवली नाही. सतरंज्या झटकून सगळ्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात नवीनच प्रकार सुरू झाला. बायका यायच्या, रंग निवडायच्या, आणि म्हणायच्या, "कागदात बांधून द्या, घरी भरतो." कुणाचा हात सुजलेला असायचा, कुणाची भाजी गॅसवर. मामांना पहिले आठ दिवस काही कळलं नाही. कळलं तेव्हा ते चिडले, आणि चिडलेलेच राहिले. पार्बताबाई, त्यांची बायको, आतून ऐकवायची ती वेगळीच. "जा अजून हिरो व्हाले!"

गेल्या महिन्यात आजीच्या शेजारच्या प्राजक्ताचं लग्न होतं. तिची आजी गोदाबाई, ती आणि मी असे आम्ही चुडा घ्यायला गेलो. चुडा कासाराने घरी येऊन भरायचा, ही रीत.

"चुडा बांधून दे, जानराव," गोदाबाई काउंटरकडे पाहत म्हणाल्या. "पोट्टी घरीच भरतो म्हणते."

मामांनी हिरव्या बांगड्यांची माळ खाली ठेवली. "बांधून? हिच्या मायचा चुडा म्या भरला. तुमच्या दोघी लेकीईचा म्या भरला. भाजी हाय काय थे, बांधून द्याले?"

"मामा, राग नका धरू," प्राजक्ता म्हणाली. "मले समजते, थो सिनेमा हाय. पण तुमचा हात दिसला का थो आवाज येते. मी काय करू?"

"अवं, एक ओरखडा नाई उठला त्या नटीले! अकोल्याचीच हाय, फोन करून विचार!"

"तिले नाई उठला," गोदाबाई म्हणाल्या. "आमाले उठला न."

मला राहवलं नाही. पडद्यावरचा माणूस वेगळा, खरा माणूस वेगळा, असं मी प्राजक्ताला समजावू लागले. दोन वर्षं हेच तर शिकत होते. मामा खूश झाले. "हे पाय, शिकलेली हाय. आण व हात."

मी हात पुढे केला. त्यांनी अंगठा दुमडला, हाडावर दाब आला, आणि माझा हात आपोआप मागे आला. बांगडी काउंटरवर घरंगळली.

"झालं," मामा म्हणाले. "एम.ए.बी गेली."

मग ते तणतणत उठले. खणातून कानस काढली, जुन्या काळ्या बांगड्यांतल्या सगळ्यात मोठ्या मापाच्या अकरा निवडल्या आणि खाचा पाडत बसले. पाऊण तास. मधे कुणी बोललं की "गप बसा" म्हणायचे. चिकटपट्टी लावून झाल्यावर स्वतःचा डावा अंगठा दुमडला आणि त्या बांगड्या स्वतःच्याच हातात भरल्या. साल निघालं हाताचं. समोरच्या दुकानातल्या बायका रस्ता ओलांडून आल्या.

पार्बताबाईने पडदा बाजूला केला. "आता हेच राह्यलं होतं! कुकूबी लावून देऊ काय?"

"चूप व!" मामांनी हात प्राजक्तासमोर धरला. "दाब."

ती हलेना.

"दाब म्हणतो न! दोन्ही हातानं!"

तिने दाबलं. चट. प्राजक्ताने दचकून हात सोडला आणि सवयीने, त्यांच्याच सुरात विचारलं, "दुखलं काय, मामा?"

मामांचा चेहरा क्षणभर उतरला. मग म्हणाले, "नाई व माय. दुसरी दाब."

पाचवीला तिला हसू फुटलं. दोन मी दाबल्या. समोरून आलेल्यांपैकी एकीने म्हटलं, "आमच्या घरच्या माणसालेबी भरून द्या न अशा, मामा," तेव्हा गोदाबाईसुद्धा हसल्या. शेवटी मामांनी मनगट वळवून सगळ्यांना दाखवलं. हात भरतानाचं सोडलं तर एक ओरखडा नव्हता.

चुडा मामांनीच भरला, रीतीप्रमाणे घरी येऊन. प्राजक्ताने डोळे मिटले नाहीत. गॅसवरच्या दुधाकडे पाहावं तशी ती शेवटपर्यंत त्यांच्या हातांकडे पाहत होती.

पण यामुळे मामांची कटकट संपली नाही, वाढली. बातमी गावभर झाली, आणि आता येणारी प्रत्येक बाई आधी दाबून पाहते, मग हात देते. काउंटरखाली खाच पाडलेल्या काळ्या बांगड्यांचा डबाच ठेवावा लागला आहे. निम्म्या जणी अजूनही कागदातच बांधून नेतात.

परवा अमरावतीला निघण्याआधी मी दुकानात गेले. दोन दाबल्या आणि मग हात दिला. तिसरी बांगडी चढत असताना ईशानचा फोन आला. मामांचे दोन्ही हात माझ्या हातात गुंतलेले, म्हणून फोन मीच उचलून त्यांच्यासमोर धरला. सिनेमा कुठेतरी दूरच्या महोत्सवात दाखवला होता. "मामा, लोक म्हणतात, तुमचे हात विसरताच येत नाहीत!"

"त्याईले सांग, विसरा म्हणा आता!" मामा फोनवर खेकसले. "इथं कानस झिजून राह्यली माही!"

मग माझ्याकडे वळले. "हात ढिला सोड. दुखलं काय?"